आमच्या गल्लीत सगळे ठीक असतात

माझी बायको लोरेन वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी 'बोलणे' या विषयात नापास झाली. आमच्या थॉर्नबेक गावात ही बातमी कोणालाही खरी वाटेना. हाडांच्या विषयात नापास झाली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण बोलण्यात? शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं जिच्या आवाजावर पाचशे पोरं मुकाट्यानं मटार खात होती, ती बाई तोंडी परीक्षेत पडते म्हणजे काय! चक्कीवाल्या रस्त्यावरच्या खाटकानं तर मला मांस तोलता तोलता विचारलं, "परीक्षा कोणत्या भाषेत होती रे?"

झालं होतं असं. लोरेननं सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली. अशा लोकांना नर्स व्हायचं असेल तर आमच्या शेजारच्या शहरातलं विद्यापीठ आधी एक पायाभूत वर्ष करून घेतं. त्यात पास झालात तर पुढची तीन वर्षं खरी पदवी. लोरेननं हाडं पाठ केली. औषधांची गणितंही ती शिकली. मी जेवत असताना माझा खांदा दाबून त्यातल्या एकेका हाडाला ती लॅटिन नावानं हाक मारायची, आणि मी सॉसेज गिळायचं विसरून जायचो. हे सगळे विषय सुटले. राहिला एकच, पेशंटशी बोलण्याचा.

परीक्षेत पेशंट म्हणून एक निवृत्त नट पलंगावर झोपवलेला होता. लोरेन गेली, हसली आणि म्हणाली, "काय, कसं वाटतंय?" नट म्हणाला, "ठीक आहे." लोरेन म्हणाली, "अरे वा, छान! चहा आणू?"

खलास. नटाच्या पोटात भयंकर दुखत होतं म्हणे, आणि ते त्यानं तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगायचं होतं. लोरेनच्या शिक्षिका मिसेस बोआटेंग यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, तुम्ही दार वाजवलंत आणि आतून कोणी ओ द्यायच्या आत निघून गेलात. विचारा, आणि मग गप्प बसा. समोरच्याला बोलावंसं वाटेपर्यंत गप्प." फेरपरीक्षा जूनमध्ये होती आणि ती एकदाच मिळणार होती. तीत पडली असती तर नर्सिंग संपलं आणि परत मटार.

मला विचाराल तर यात लोरेनचा दोष नव्हता. आमच्याकडे 'कसे आहात' हा प्रश्नच नसतो, ते टोपीला हात लावण्यासारखं असतं. माझे वडील एकदा पन्हळ साफ करताना छपरावरून रूबार्बच्या वाफ्यात पडले होते. पाय कुठे, चष्मा कुठे. कुंपणापलीकडून शेजाऱ्यानं विचारलं, "काय, कसं काय?" वडील उताणे पडल्या पडल्या म्हणाले, "ठीक. तुमचं?" त्यावर दोघं हवामानाबद्दल बोलले, आणि मग शेजाऱ्याला चिखलातला बूट दिसला. अशा गावात ही बाई लोकांना बोलतं करायला कुठे शिकणार होती?

मी नगरपालिकेत बांधकाम-परवानगी खात्यात आहे, त्यामुळे प्रत्येक प्रश्नाला पद्धतशीर उत्तर असतं यावर माझी श्रद्धा आहे. मी म्हणालो, "लोरेन, सरावाला मीच पेशंट होतो."

सोफ्यावर आडवा झालो, पांघरूण घेतलं. तिनं विचारलं, "कसं वाटतंय?" मी म्हणालो, "ठीक." ती गप्प बसली. मीही बसलो. थोड्या वेळानं ती शांतता मला सोसेना, म्हणून मी कचऱ्याच्या डब्यांचं नवं वेळापत्रक कसं चुकीचं आहे ते सांगायला लागलो. मग डब्यांवरून रस्त्याच्या कडेच्या दगडांवर आलो, दगडांवरून माझ्या साहेबीणबाईंवर.

"क्लाइव्ह," लोरेन म्हणाली, "तू पेशंट म्हणून अगदी कुचकामी आहेस."

मी पांघरुणाची घडी घातली. पण हे शब्द मनाला लागले, ते लागले. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी कुचकामी म्हटलेलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

म्हणून मी शेजारच्या मिसेस होल्डनना बोलावलं. वय ब्याऐंशी, एकट्याच राहतात, आणि त्यांना कुठेही बोलावलेलं आवडतं. रविवारी दुपारी त्या चर्चची टोपी घालून, स्वतःची उशी काखेत मारून आल्या. मला म्हणाल्या, "तुमच्या सोफ्यावर मागे एकदा बसले होते, म्हणून उशी आणली." मी ऐकून घेतलं.

लोरेन समोर बसली. "कशा आहात, मिसेस होल्डन?"

"ठीक आहे गं पोरी. मी काय कुरकूर करणार?"

लोरेनचा ओठ हलला. 'चहा' हा शब्द तिच्या दातांपर्यंत आलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पण तिनं हात मांडीखाली दाबून धरले आणि ती गप्प बसली. घड्याळ टिकटिकत होतं. मिसेस होल्डननी पडद्याकडे बघितलं, मग माझ्या स्वेटरकडे, मग तो स्वेटर कसा आहे ते चेहऱ्यानंच सांगून टाकलं. लोरेन गप्पच.

"पाय जरा," मिसेस होल्डन म्हणाल्या.

लोरेन तरीही गप्प.

"जरासाच गं. ईस्टरपासून." आणि त्यांनी मोजा खाली केला. पोटरीवर ताटलीएवढी जखम होती, आणि ती त्यांनी भांडी पुसायच्या फडक्यानं बांधून ठेवली होती. फडक्यावर राजघराण्याचं चित्र होतं. "डॉक्टरांना कशाला त्रास? त्यांच्याकडे खरी आजारी माणसं येतात."

लोरेननं जखमेला हात लावला नाही, कारण तिला परवानगी नाही. तिनं टेलिफोन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि पलीकडून माणूस बोलेपर्यंत ती उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून मिसेस होल्डनच्या घरी पट्टी बदलायला नर्स यायला लागली. त्या रात्री लोरेन भांडी घासताना शीळ घालत होती. मला वाटलं, आता जूनची काळजी नको.

पण मिसेस होल्डन लॉन बोलिंगच्या क्लबात जातात. तिथे त्यांनी सांगितलं की एन्टविसलबाईंकडे, म्हणजे आमच्या लोरेनकडे, जा, ती काही करत नाही, नुसती बघत बसते, आणि तुमच्या तोंडून आपोआप बाहेर येतं.

पुढच्या रविवारी पाचजण आले. त्याच्या पुढच्या रविवारी जिना भरला. सगळे येताना म्हणायचे, "मला तसं काही नाही हं, मी आपला लोरेनच्या अभ्यासाला मदत म्हणून." मग लोरेन विचारायची आणि गप्प बसायची, आणि मदत करायला आलेल्या माणसाचा कान तीन महिने वाहत असल्याचं निघायचं. पोस्टमन छातीवर हात ठेवून रडला. दर वेळी लोरेन तेच करायची. औषध नाही, सल्ला नाही, फक्त टेलिफोन. आणि जो लावायला टाळाटाळ करायचा, त्याच्याकडे ती शाळेतल्या नजरेनं बघायची. त्या नजरेखाली मोठमोठी माणसं मटार खाल्ल्यासारखी नंबर फिरवायची.

मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. घरात ती बोलायची, मी बोलायचो, रेडिओ बोलायचा. आणि आता ही बाई गप्प बसली की तिच्यासमोरची माणसं खांदे खाली सोडायची. पंचवीस वर्षं संसार करून मला तिची ही बाजू ठाऊक नव्हती, आणि खरं सांगतो, मी दाराच्या फटीतून बघताना थक्क होत होतो.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण गर्दी दिसली की माझ्यातला अधिकारी जागा होतो. मी चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणल्या. लॉटरीच्या तिकिटांचे टोकन केले. कोणी रांग मोडू नये म्हणून फाटकावर एक सुबक पाटी लावली: 'कृपया बसण्यापूर्वी नंबर घ्यावा. रविवार, दुपारी दोन ते पाच.' अक्षर माझंच. दोन हात रंग दिला होता.

समोरच्या घरात ट्रेव्हर डक्सबरी राहतो. निवृत्त गॅस फिटर, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. ट्रेव्हरनं आजवर आमच्या कुंपणाबद्दल तक्रार केली आहे, चिमणीबद्दल केली आहे, आणि आमच्या मांजराबद्दलही केली आहे. वास्तविक ते मांजर आमचं नाहीच. त्याच्या दारासमोर लोकांनी गाड्या लावल्यावर तो काय सोडतोय! आमच्याकडे माणूस पोटातला मुतखडा दहा वर्षं सहन करील, पण स्वतःच्या दारापुढे परक्याची गाडी एक दुपार सहन करणार नाही.

त्याची तक्रार नगरपालिकेत आली: राहत्या घरात विनापरवाना दवाखाना चालू आहे, पाटी लावलेली आहे. आणि अशा तक्रारींची पाहणी कोण करतं? मी.

नियम म्हणजे नियम. मी टेप घेतला, ओळखपत्र गळ्यात घातलं, आणि कामाच्या वेळात माझ्या घराची बेल वाजवली.

लोरेननं दार उघडलं. "किल्ली विसरलास?"

"बाईसाहेब, मी नगरपालिकेतर्फे आलो आहे."

तिनं दार लावून घेतलं. मी बाहेर उभा राहून पाटी मोजली. ती मर्यादेपेक्षा मोठी निघाली. समोरच्या खिडकीतून ट्रेव्हर बघत होता, आणि मी त्याला मान लववली, कारण सभ्यपणा सोडून कसं चालेल? ऑफिसात साहेबीणबाईंनी माझ्याकडून ते प्रकरण काढून घेतलं आणि नुकत्याच लागलेल्या एका मुलीला दिलं. तिची नोटीस आली, तीत माझ्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर नव्हतं. मी तिला ते कळवलं. पाटीही काढली.

पाटीचं दुःख मी गिळलं असतं. पण ट्रेव्हरनं विद्यापीठालाही कळवलं होतं की तुमची पायाभूत वर्षातली विद्यार्थिनी नर्स असल्याचं भासवून लोक तपासते. हे मात्र साधं नव्हतं. असं कोणी खरंच केलं, तर त्याला नर्सिंगमधून कायमचं घालवतात. चौकशीची बैठक ठरली, फेरपरीक्षेच्या आदल्याच आठवड्यात.

लोरेननं ओव्हन घासायला घेतला. ती घाबरली की ओव्हन घासते. दुसऱ्या दिवशीही घासला. मी म्हणालो, "अगं, आता आतला मुलामा निघेल." ती म्हणाली, "पाटी लावायला तुला कोणी सांगितलं होतं?" एरवी उत्तर नसलं तरी मी बोलत राहतो, पण त्या दिवशी मी फडकं घेऊन ओव्हनची जाळी पुसायला बसलो.

बैठकीला मिसेस बोआटेंग होत्या, विद्यापीठाचे एक उंच अधिकारी होते, आणि टिपणं काढायला एक गृहस्थ. मी अंत्यविधीचा काळा टाय लावला होता आणि लोरेनच्या बाजूनं एक भाषण तयार करून नेलं होतं. प्रस्तावनाच चांगली दमदार होती. उंच अधिकाऱ्यांनी मला एकच विचारलं, "पाटी तुमची?"

"हो. पण मुळात आपण जर..."

"धन्यवाद. बसा."

मिसेस होल्डन आल्या होत्या. त्यांनी पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा बघायचाय का कोणाला?" कोणालाच नको होता. मग लोरेन उभी राहिली. आवाज एवढा बारीक, की मला वाटलं कोणी दुसरंच बोलतंय. "मी कोणाला हात लावला नाही, मॅडम. औषधाचं नावही घेतलं नाही. नर्स आहे असं म्हटलं नाही. विचारलं, गप्प बसले, आणि फोन लावायला लावला. परीक्षेसाठी करत होते. नंतर परीक्षेसाठी नव्हते करत, तेही खरंय."

उंच अधिकारी ट्रेव्हरकडे वळले. ट्रेव्हर इस्त्रीचा कोट घालून आला होता आणि त्यानं गाड्यांचा पाढाच सुरू केला. रविवारी दुपारी कुठली कुठे उभी असते, ते सांगितलं. मग म्हणाला, "आणि हे दुपारपुरतं नाही साहेब. त्या कोपऱ्यावरच्या पोराची लाल गाडी मध्यरात्री येते. पांढरी व्हॅन त्यानंतर. पहाटे आणखी एक. मला सगळं दिसतं. रात्रभरात निदान पाच-सहा वेळा मी त्या खिडकीशी असतो."

"त्या गाड्यांचा या बाईंशी संबंध?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"संबंध नाही. पण वेड्यावाकड्या लावतात."

"ट्रेव्हर," लोरेन म्हणाली, "तू रात्री पाच-सहा वेळा उठतोस?"

ट्रेव्हर थबकला. "ठीक आहे मी."

खोलीत कोणी हललं नाही. लोरेन त्याच्याकडे बघत होती. शाळेतली नजर नव्हती ती. नुसती बघत होती, हात मांडीवर मोकळे. मला सवयीनं काहीतरी बोलायचं होतं, खिडकीला नवी झडप बसवण्याच्या नियमांबद्दल, पण मिसेस बोआटेंगनी माझ्याकडे न बघताच हात वर केला आणि मी तोंड मिटलं. टिपणं काढणाऱ्यानं पेन खाली ठेवलं. ट्रेव्हरनं कोटाचं बटण काढलं, लावलं. त्याचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हा उठून जाणार, आणि जाता जाता या शांततेबद्दलही तक्रार करणार.

"लघवीला उठावं लागतं," तो म्हणाला. मग त्यानं बटण पुन्हा काढलं. "आणि नीट होत नाही. आणि लाल."

"कधीपासून?"

"लिंडा गेल्यापासून. नाही... त्याच्या आधीपासून. तेव्हा ती आजारी होती ना. एका घरात दोन आजारी माणसं कशाला, म्हटलं. मग ती गेली, आणि मग सांगायचं कोणाला?"

मी या माणसाशी अकरा वर्षं कुंपणावरून भांडलो आहे. त्या क्षणी मला त्याचा हात धरावासा वाटला, पण आम्हा लँकेशरच्या, उत्तर इंग्लंडातल्या माणसांत असं हात धरत नाहीत, म्हणून मी टाय सरळ केला.

लोरेन म्हणाली, "फोन आणलायस?"

"आत्ता? अगं, बैठक चाललीये. माझीच तर तक्रार आहे."

"बैठक थांबली आहे," मिसेस बोआटेंग म्हणाल्या.

ट्रेव्हरनं दवाखान्याचा नंबर फिरवला. रांगेत त्याचा सतरावा नंबर होता. मध्ये मध्ये एक बाई सांगायची की आपला फोन आम्हाला महत्त्वाचा आहे, आणि मग तीच बासरी पुन्हा. उंच अधिकाऱ्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. मिसेस होल्डननी दोन घेतली, एक पिशवीत. नववा नंबर आल्यावर ट्रेव्हर म्हणाला, "राहू दे, उद्या लावतो," आणि खोलीतली सगळी माणसं, टिपणवाल्यासकट, एकदम म्हणाली, "नाही!"

शेवटी पलीकडून मुलीनं विचारलं काय होतंय, आणि ट्रेव्हर डक्सबरीनं ते सगळं, आठ बिस्किटं आणि सहा माणसांच्या साक्षीनं, मोठ्यानं सांगितलं.

लोरेनवर ठपका आला नाही. रविवारची बैठक बंद करा, खुर्च्या चर्चला परत द्या, असं सांगितलं, आणि ते रास्तच होतं. निघताना मी मिसेस बोआटेंगना म्हणालो, "मग आता फेरपरीक्षेची काही गरज नसावी?" त्या म्हणाल्या, "मिस्टर एन्टविसल, ही परीक्षा नव्हती. परीक्षा गुरुवारी आहे." मला हे थोडं कडक वाटलं, पण नियमाचा माणूस नियमाला काय बोलणार?

ट्रेव्हरचं दुखणं वेळेत सापडलं, ऑपरेशन झालं. पहिल्याच आठवड्यात त्यानं हॉस्पिटलच्या पार्किंगबद्दल तक्रार केली. ते ऐकून सगळ्या गल्लीचा जीव भांड्यात पडला.

आणि लोरेन पास झाली. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. सप्टेंबरपासून ती पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. निळा गणवेश दोरीवर वाळत असतो तेव्हा मी उगाचच बागेत काहीतरी काम काढतो, म्हणजे जाणाऱ्या येणाऱ्यांना विचारता यावं की हा कोणाचा.

पण गुरुवारी हे काही माहीत नव्हतं. मी विद्यापीठाच्या आवारात गाडीत बसून होतो. लोरेन आली, दार लावलं, पट्टा लावला, समोर बघत बसली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"ठीक."

माझ्या जिभेवर निदान अकरा प्रश्न तयार होते. नटानं काय केलं, तू काय म्हणालीस, किती वेळ, बोआटेंगबाई हसल्या का. शिवाय परतीच्या रस्त्यावर खणून ठेवलंय, तेही सांगायचं होतं. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि गप्प बसलो. आयुष्यात यापेक्षा अवघड काम मी केलेलं नाही. एक मुलगा सायकल घेऊन गेला. एक ढग आला आणि गेला. मी गप्प.

"आई आठवली," लोरेन म्हणाली.

मी गाडीची किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"ती शेवटच्या हिवाळ्यात वरच्या खोलीत असायची ना. मी कामावरून आले की जिन्याखालूनच ओरडायचे, आई, कशी आहेस? ती वरून म्हणायची, ठीक आहे गं. मी म्हणायचे, बरं. आणि बटाटे सोलायला घ्यायचे." तिनं नाक पुसलं. "रोज विचारलं रे मी. एक दिवस चुकवला नाही. पण वर जाऊन कधी बघितलंच नाही."

मागची गाडी आमची जागा रिकामी व्हायची वाट बघत उभी होती. आमच्याकडे कोणी हॉर्न वाजवत नाही, पण त्यानं वाजवला, हलकाच.

"आज वर गेले," लोरेन म्हणाली. "त्या म्हाताऱ्या नटाजवळ बसून होते, पण वर गेले मी."

हॉर्न पुन्हा वाजला. मी गाडी सुरू केली नाही. तिचं बोलून व्हायचं होतं.